लेथ, ड्राइव्ह आणि घरचा सिंगल फेज : एक प्रस्तावना

लेथवर जॉब फिरतो आणि टूल सरकते. म्हणून धातू कोणत्या वेगाने कापला जातो हे केवळ स्पिंडलच्या फेऱ्यांवर ठरत नाही. टूलचे टोक त्या क्षणी जॉबच्या किती व्यासावर टेकले आहे, यावरही ते तितकेच अवलंबून असते. टूलच्या टोकासमोरून एका मिनिटात धातूचा जितका पृष्ठभाग सरकतो त्याला छेदनगती म्हणतात, आणि हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना ती मिनिटाला ३० मीटरच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे फेसिंग, म्हणजे तिचा दर्शनी भाग सपाट करणे, हे काम उदाहरणादाखल घेतले तर बाहेरच्या कडेवर ही गती मिळण्यासाठी स्पिंडलला मिनिटाला सुमारे ९५ फेरे पुरतात. टूल आत सरकत १० मिलिमीटर व्यासापर्यंत पोहोचते तेव्हा त्याच गतीसाठी ९५५ फेरे लागतात. बेल्ट एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर टाकून वेग बदलणाऱ्या लेथवर हा दसपट फरक चालू कापात भरून काढता येत नाही. कारागीर मधला एखादा वेग पत्करतो. मग कडेला टूलची धार तापून बसते आणि मध्याजवळ धातू कापला जाण्याऐवजी ओरबाडला जातो, व त्या एकाच चकतीवर बाहेर एक आणि आत दुसरे असे दोन प्रकारचे फिनिश स्पष्ट दिसते.

घरच्या लेथची सिंगल फेज मोटर काढून तिच्या जागी थ्री फेज मोटर बसवणे आणि ती मोटर व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्हवर, म्हणजे शॉपमध्ये ज्याला नुसते ‘ड्राइव्ह’ किंवा ‘व्हीएफडी’ म्हणतात त्या उपकरणावर चालवणे, हे या ग्रंथाच्या विवेचनाचे क्षेत्र आहे. असा बदल केलेल्या लेथवर वरील फेसिंग करताना कारागिराचा एक हात क्रॉस स्लाइडच्या हँडलवर आणि दुसरा वेगाच्या नॉबवर असतो. टूल जसजसे आत जाते तसतसा नॉब फिरतो, मोटरचा आवाज चढत जातो आणि टूलवरून सुटणारी चिप बऱ्याच अंतरापर्यंत एकसारख्या जाडीची व एकाच रंगाची राहते. दसपट फरक एकट्या नॉबने सबंध भरून निघत नाही, हे पुढे येईलच. परंतु तिपटी-चौपटीचा पल्ला बेल्टला हात न लावता मिळणे हाही हाताच्या लेथवर काम करणाऱ्यासाठी मोठा लाभ आहे.

छत्रपती संभाजीनगरात या विषयाला विशेष स्थान आहे, त्याचे कारण शहराच्या औद्योगिक घडणीत सापडते. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज आणि पुढे शेंद्रा अशा क्रमाने येथील औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या युनिटांचे जाळे विणले गेले, आणि चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम, शासकीय आयटीआय व पॉलिटेक्निक यांतून बाहेर पडलेल्या टर्नर, फिटर व टूलमेकरांच्या अनेक पिढ्या या जाळ्यात काम करीत आल्या. युनिटे जसजशी सीएनसीकडे, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रांकडे, वळली तसतसे त्यांचे हाताचे लेथ बाजूला पडले आणि त्यांतले काही कारागिरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जिन्याखालच्या खोलीत येऊन स्थिरावले. वसाहतीतल्या शेडमध्ये ज्या यंत्राला ४१५ व्होल्टचा थ्री फेज पुरवठा सहज मिळत होता, त्याच यंत्राला घरात आल्यावर २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर भागवावे लागते. यंत्र आणि पुरवठा यांतील ही विजोडता दूर करणे हे या रूपांतरामागचे पहिले व्यावहारिक कारण होय. महावितरणकडून घराला थ्री फेज जोडणी घेता येत नाही असे नाही. परंतु नुसत्या जोडणीने मोटर तिच्या ठरलेल्या एकाच वेगाने फिरते, आणि वेग बदलायचा तर ड्राइव्ह लागतोच. ड्राइव्ह घ्यायचाच असेल, तर लहान लेथसाठी वेगळ्या जोडणीची आवश्यकता उरत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घरगुती जोडणीवर स्वतःच्या छंदाचे काम करणे वेगळे आणि पैसे घेऊन जॉबवर्क करणे वेगळे. मंजूर कारणाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, म्हणून धंदा करणाऱ्याने योग्य वर्गवारीची जोडणीच घ्यावी.

जुना लेथ टाकाऊ नसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला, आणि १९४१ मध्ये हरिहर येथे निघालेल्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ पुढे देशभरातील शॉपमध्ये पोहोचले. बंगळूरच्या एचएमटीने जड व अचूक यंत्रांची बाजू सांभाळली, तर बटाला आणि राजकोट येथील कारखानदारांनी बेताच्या किमतीचे लेथ लहान उद्योजकाच्या आवाक्यात आणले. यांतील ज्या लेथचा बिडाचा बेड नीट राखला गेला, स्लाइडवर तेल पडत राहिले, तो लेथ अनेक दशके काम देतो; थकते ती मोटर, सैल होतो तो बेल्ट. अनेक जुन्या लेथवर पायऱ्यांची कोन पुली आणि स्पिंडलचा वेग उतरवून जोर वाढवणारा बॅक गिअर दिसतात. ज्या काळी सबंध शॉपला एकच इंजिन असे व छताखालून जाणाऱ्या लांब शाफ्टवरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे, त्या काळाचा हा वारसा आहे. ड्राइव्ह बसवताना तो काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह टाळावा, हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन असून त्यामागची कारणमीमांसा समजण्यासाठी प्रथम मोटर समजून घेणे इष्ट आहे.

तीन वायंडिंग एकमेकांपासून ठरावीक कोनात बसवून त्यांना एकामागोमाग चढउतार होणारे तीन प्रवाह दिले, तर मोटरच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरू लागते आणि आतला रोटर त्यामागे ओढला जातो. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे मांडली. दोघांचेही काम १८८८ साली जगापुढे आले. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या मिखाइल दोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी थ्री फेज पिंजरा मोटर तयार केली, आणि आज पंपापासून लेथपर्यंत सर्वत्र आढळणारी मोटर तत्त्वतः तीच आहे. क्षेत्र किती वेगाने फिरते हे पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी आणि मोटरचे पोल, म्हणजे चुंबकीय ध्रुव, यांवर ठरते. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटर त्याच्या किंचित मागे राहतो, या मागे राहण्याला स्लिप म्हणतात, आणि म्हणून नेमप्लेटवर १४२० किंवा १४४० असा आकडा असतो. पोल मोटर बनतानाच ठरलेले असल्याने वेग बदलण्याचा खरा मार्ग फ्रिक्वेन्सी बदलणे हाच उरतो.

सिंगल फेज मोटरमध्ये असे स्वयंभू फिरते क्षेत्र नसते. ती सुरू होण्यासाठी कपॅसिटर आणि जादा वायंडिंग लागते, वेग आल्यावर सेंट्रिफ्युगल स्विच ते वायंडिंग तोडतो, आणि चालू असताना तिचा जोर सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत राहतो. हे कंपन बेल्टमधून स्पिंडलपर्यंत पोहोचते व बारीक फिनिशच्या कापात जॉबवर नियमित अंतराच्या पुसट लहरी उमटवू शकते. अशा मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करण्याचे प्रयोग होतात, ते चुकीचे आहेत: रेग्युलेटर केवळ व्होल्टेज उतरवतो, मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घसरतो, आणि वेग फार उतरला की सेंट्रिफ्युगल स्विच पुन्हा जोडला जाऊन सुरुवातीचे वायंडिंग जळते.

मराठवाड्यातील वाचकाला थ्री फेजचा परिचय बहुधा शेतातल्या विहिरीवरील मोटरमुळे झालेला असतो. एक फेज गेला, किंवा भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे सिंगल फेजच राहिला, की पाणी थांबू नये म्हणून कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, लावून तुटलेल्या फेजची भरपाई करण्याची युक्ती गावोगाव माहीत आहे. तिच्यामागचे तत्त्व खोटे नाही. परदेशातील घरगुती वर्कशॉपमध्ये वापरले जाणारे स्टॅटिक फेज कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतात. परंतु एका कपॅसिटरने साधलेला समतोल एका ठरावीक भारालाच लागू पडतो. भार बदलला की तिन्ही वायंडिंगमधील प्रवाह असमान होतात, एक वायंडिंग इतरांपेक्षा तापते, आणि मोटर रिवायंडिंगला जाते. पंपाचा भार तरी पुष्कळसा स्थिर असतो. लेथवर तो प्रत्येक कापाला बदलतो, त्यामुळे तेथे ही युक्ती अधिकच अपुरी पडते. ड्राइव्ह हरवलेल्या फेजची उसनवारी करीत नाही. तो तिन्ही फेज नव्याने घडवतो, आणि हा फरक नीट ध्यानी घेतल्याशिवाय पुढील कोणताही निर्णय योग्य रीतीने घेता येत नाही.

ही घडण कशी होते ते पाहू. घरातून येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा प्रथम डायोडच्या ब्रिजमधून जाऊन डीसी होतो व मोठ्या कपॅसिटरवर साठतो. एसीचे शिखर त्याच्या आरएमएस मूल्याच्या, म्हणजे २३० या नेहमीच्या मोजमापाच्या, १.४१४ पट असल्याने येथे सुमारे ३२५ व्होल्ट भरतात. त्यानंतर सहा इलेक्ट्रॉनिक स्विच हा डीसी सेकंदाला हजारो वेळा जोडतात आणि तोडतात, आणि प्रत्येक जोडणीचा अवधी कमीअधिक करून मोटरच्या दृष्टीने तीन लयबद्ध प्रवाह तयार करतात. मोटरमधून ऐकू येणारी बारीक शिट्टी या तोडजोडीचीच असते. आजच्या ड्राइव्हमधील हे स्विच आयजीबीटी नावाचे असतात. त्यांच्या विकासाचे श्रेय प्रामुख्याने ज्यांना दिले जाते ते बी. जयंत बालिगा हे आयआयटी मद्रासचे पदवीधर, आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये त्यांनी हे काम केले. ज्या घटकामुळे एके काळी कपाटाएवढा असलेला ड्राइव्ह विटेएवढा झाला आणि घरच्या शेडमधील भिंतीवर बसू लागला, त्याच्यामागे एका भारतीय अभियंत्याचे कष्ट आहेत, याचा उल्लेख मराठी तांत्रिक लेखनात यापेक्षा अधिक वेळा व्हायला हवा.

सिंगल फेजवरचा साधा ड्राइव्ह मात्र ४१५ व्होल्ट निर्माण करू शकत नाही. जितके व्होल्ट आत येतात तितकेच फार तर बाहेर मिळतात. येथेच बहुसंख्य रूपांतरे अडतात, आणि येथेच मोटरची नेमप्लेट वाचता येणे निर्णायक ठरते. आपल्याकडील लहान मोटरी, साधारणतः दोन एचपीपर्यंतच्या, ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टार जोडणीत तिन्ही वायंडिंगची एकेक टोके एका बिंदूत मिळतात व प्रत्येक वायंडिंगवर ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४० व्होल्टच येतात. तेच वायंडिंग डेल्टामध्ये, म्हणजे एकाचे शेवट दुसऱ्याच्या आरंभाला जोडून त्रिकोण केला, तर मोटर २४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टर्मिनल असतील तर पितळी पट्ट्या फिरवून हे काम काही मिनिटांत होते. त्याहून मोठ्या मोटरी सहसा ४१५ व्होल्टलाच डेल्टामध्ये असतात. त्या सिंगल फेजच्या ड्राइव्हला उपयोगी नाहीत, भले त्या भंगारात कितीही स्वस्त मिळोत.

बॉक्समध्ये तीनच वायरी असतील तर स्टारचा बिंदू मोटरच्या पोटात बांधलेला असतो आणि तो बाहेर काढण्यासाठी रिवायंडिंगच्या कुशल कारागिराकडे जावे लागते. हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. कव्हर उतरवून रोटर बाहेर काढला की स्टेटरच्या तोंडाशी तांब्याच्या तारांचा जुडगा दिसतो, दोऱ्याने आवळलेला आणि वार्निशने दगडासारखा कडक झालेला. कारागीर तो बेताने गरम करून नरम करतो, दोऱ्याचे चार-दोन वेढे कापतो, आणि बोटाने चाचपत स्लीव्हखाली लपलेला तो जोड शोधतो जेथे तीन टोके एकत्र पिळून डाग दिलेला असतो. तारेवरील इनॅमल कोठेही खरचटू न देता तो जोड सोडवायचा, तिन्ही टोकांना नव्या लवचिक वायरी जोडायच्या, प्रत्येकीवर स्लीव्ह चढवायची, जुडगा पुन्हा बांधून वार्निश पाजायचे व पूर्ण वाळू द्यायचे. नंतर सहा वायरींतील कोणत्या दोन एकाच वायंडिंगच्या आहेत आणि त्यांचे आरंभ व शेवट कोणते, हे तपासून खुणा करायच्या. एक वायंडिंग उलट जोडले गेले तर मोटर गुरगुरते, तापते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. नवी मोटर घेणाऱ्याला हे सर्व टाळता येते. परंतु वसाहतीतून यंत्राबरोबर आलेली चांगली मोटर अशा रीतीने कामास येत असेल तर ती टाकणे अनाठायी आहे.

आता कोन पुली आणि बॅक गिअरकडे वळता येईल. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी कमी करतो तेव्हा त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवतो, जेणेकरून मोटरमधील चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कायम राहावी. त्यामुळे ५० हर्ट्झच्या खाली मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास तेवढाच राहतो, पण शक्ती वेगाच्या प्रमाणात घटते. ०.७५ किलोवॉटची, म्हणजे एक एचपीची, १४२० फेऱ्यांची मोटर सुमारे ५ न्यूटन-मीटर पीळ देते. १० हर्ट्झवर ती फार तर २८० फेऱ्यांच्या आसपास फिरते, पीळ ५ च राहतो, आणि शक्ती उरते फार तर ०.१५ किलोवॉट. याउलट मोटर ५० हर्ट्झवर ठेवून सहास एक प्रमाणाचा बॅक गिअर लावला, तर घर्षण वगळता स्पिंडलवरचा पीळ सहापट होतो आणि शक्ती सगळीच्या सगळी हाती राहते. मोठ्या व्यासाचा जॉब, जाडजूड काप, बिडाची चकती, यांसाठी लागणारा जोर गिअरमधूनच मिळतो. नॉबमधून तो कधीच मिळत नाही. म्हणून पुलीने व गिअरने कामाचा पट्टा ठरवावा आणि ड्राइव्हने त्या पट्ट्यात, साधारण २० ते ७५ हर्ट्झच्या दरम्यान, वेग जुळवावा, ही विभागणी सर्वांत हिताची ठरते. जे रूपांतर एकाच पुलीवर बेल्ट कायमचा बसवून सर्व वेग नॉबवर सोपवते, ते पहिल्या आठवड्यात फार सोयीचे वाटते आणि पहिल्या जड जॉबला अडते.

५० हर्ट्झच्या वर व्होल्टेज वाढू शकत नसल्याने पीळ उतरत जातो. शिवाय जुन्या हेडस्टॉकमधील गनमेटलच्या बेअरिंगची आणि बिडाच्या चकची वेगमर्यादा तेथे आडवी येते, व तिचे उल्लंघन जिवावर बेतू शकते. खालच्या टोकाला अडचण वेगळी आहे: मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे १० हर्ट्झवर दीर्घकाळ भार दिला तर मोटर तापते आणि पंख्याला ती निववता येत नाही. मे महिन्यात जेथे पत्र्याच्या शेडमधील हवाच चाळीस अंशांवर जाते, त्या शहरात ही बाब पुस्तकी राहत नाही. ड्राइव्हची स्वतःची क्षमताही ठरावीक तापमानापलीकडे कमी धरावी लागते. त्यातच बिडाची काळी भुकटी आणि लोखंडाचे बारीक कण ड्राइव्हच्या पंख्यातून आत ओढले गेले तर सर्किटवर शॉर्ट होतो. म्हणून तो लेथच्या मागे, चिप उडण्याच्या रेषेत न लावता, बाजूच्या भिंतीवर पुरेशा मोठ्या बंद पॅनलमध्ये बसवावा.

सुरक्षिततेची काही अंगे सिंगल फेज मोटरच्या सवयीत घडलेल्या कारागिराला नवी असतात. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकून चालू मोटर तोडू नये, त्याने आयजीबीटी निकामी होऊ शकतात; चालू-बंद करण्याचे काम ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरील पुशबटणांनीच व्हावे. पुरवठा तोडल्यानंतरही आतील कपॅसिटरवर प्राणघातक व्होल्टेज काही काळ राहते, म्हणून झाकण उघडण्यापूर्वी उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून मीटरने खात्री करावी. लाइट जाऊन परत आल्यावर लेथ आपोआप फिरू लागणार नाही अशी मांडणी हवी, कारण कारागीर त्या वेळी चकच्या किल्लीसह जॉबवर वाकलेला असू शकतो. ज्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेला आहे, तेथे झटक्याने थांबवणे किंवा उलट फिरवणे घातक आहे. चक सुटून बाहेर येतो. थांबण्याचा अवधी त्यासाठी ऐसपैस ठेवावा आणि उलट फिरवण्याची सोय शक्यतो बंदच करावी. ०.७५ किलोवॉटचा ड्राइव्ह पूर्ण भारावर सिंगल फेजमधून ८ ते १० अँपिअर घेतो, तेव्हा त्याला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि मोटरच्या बॉडीपर्यंत अखंड अर्थिंग द्यावे, व हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ड्राइव्हमधील फिल्टरमुळे अर्थमध्ये थोडा प्रवाह झिरपत असल्याने घरातील आरसीसीबी, म्हणजे अर्थमधील गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, अधूनमधून पडण्याची शक्यता असते. त्यावर आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे, तर ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा आरसीसीबी निवडणे हा आहे.

यानंतर ड्राइव्हमध्ये आकडे भरण्याचे काम राहते, आणि प्रत्येक कंपनीचे पॅरामीटर क्रमांक वेगळे असले तरी भरायच्या गोष्टी त्याच असतात: नेमप्लेटवरील डेल्टाचा प्रवाह, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेरे, वेग चढण्याचा व उतरण्याचा अवधी, फ्रिक्वेन्सीच्या खालच्या व वरच्या मर्यादा. नेमप्लेटवर केवळ स्टारचा प्रवाह दिला असेल तर डेल्टासाठी तो १.७३२ ने गुणावा. स्टारचाच आकडा भरला तर ड्राइव्ह मोटरला उगाच लवकर थांबवतो, आणि आकडा अंदाजाने वाढवला तर जळणाऱ्या मोटरलाही तो थांबवीत नाही. भरलेले सर्व आकडे, मूळ आकड्यांसह, कागदावर लिहून तो कागद पॅनलच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा, म्हणजे पुढे ड्राइव्ह बदलण्याची वेळ आली तर तो बसवणारा दुसरा कोणी असला तरी त्याला मोटर पुन्हा उघडावी लागत नाही.